पाटी, पडदा आणि वही

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर छापील पुस्तके सांभाळली. आज मला बोलायचे आहे ते जे अजून पुस्तक झालेले नाही आणि कदाचित कधीच होणार नाही, त्याविषयी. आपण आपल्या हाताने लिहितो त्या वहीविषयी.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि महाराष्ट्राला व्याख्याने ऐकण्याची सवय लागली. गावोगावच्या व्याख्यानमालांत एक श्रोता हमखास दिसतो. तो पुढच्या रांगांत बसतो आणि त्याच्या मांडीवर वही असते. आजही या सभागृहात असे काही जण आहेत. त्यांच्या शेजाऱ्याच्या खिशातला फोन हे भाषण एकही शब्द न गाळता ध्वनिमुद्रित करू शकतो. हे ठाऊक असूनही ते लिहीत आहेत. फोन देत नाही असे काय त्यांना वहीत मिळते? या एका प्रश्नापाशी मला आज थांबायचे आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. पुरा झालेला विचार साठवायला, शोधायला आणि दुसऱ्याकडे पाठवायला यंत्र फार चांगले आहे. अपुऱ्या विचाराला मात्र राहायला जागा लागते. ती जागा वहीत आहे, म्हणून वही टिकली आहे.

जिथून वही गेली

वहीचा पक्ष मांडताना तिचा पराभव लपवण्याचे कारण नाही. हिशेबाच्या जगातून ती गेली. रोजमेळ आणि खतावणी, लाल कापडी बांधणीच्या चोपड्या हे व्यापाऱ्याचे खरे भांडवल होते. आज तो सगळा व्यवहार संगणकावर चालतो. लक्ष्मीपूजनाला नवी चोपडी अजून येते, तिच्यावर स्वस्तिक काढले जाते, शेजारी लॅपटॉपलाही हळदकुंकू लागते. आणि दुसऱ्या दिवसापासून काम लॅपटॉपच करतो. यात हळहळण्यासारखे काही नाही. हिशेबाची नोंद ही झालेल्या गोष्टीची नोंद असते. रक्कम आली, रक्कम गेली. तिची बेरीज अचूक असावी आणि चटकन सापडावी, एवढीच अपेक्षा. ती यंत्र अधिक चांगली पुरी करते.

आणखी एक गोष्ट मनापासून मान्य करायला हवी. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी साधी वही हे बंद दार आहे. मजकूर वाचून दाखवणाऱ्या संगणकाने त्यांना लिहिण्यावाचण्याचे जे स्वातंत्र्य दिले, ते साध्या कागदाला कधी देता आले नसते. म्हणून मी यंत्राविरुद्ध बोलत नाही. दोघांची कामे वेगळी आहेत आणि एकाचे काम दुसऱ्यावर लादले की नुकसान होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

पाटीवर पुसले ते

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मूल पाटीवरून वहीकडे गेले. पाटीवर अक्षर चुकले की ओल्या फडक्याने पुसायचे. चूक झाली होती याची खूणही उरत नाही. वहीत चुकले की आडवी रेघ मारायची आणि पुढे लिहायचे. चूक तिथेच राहते आणि तिच्या शेजारी सुधारणाही राहते. मोबाइलचा आणि संगणकाचा पडदा हा पुन्हा पाटीच्या जातीचा आहे. जुन्या आवृत्त्या कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रात साठलेल्या असतात हे खरे, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर त्या नसतात. त्याला दिसते ते नेहमी शेवटचे, स्वच्छ रूप.

पाटी आणि वही यांच्यातला हा फरक किती मोठा ठरू शकतो, हे श्रीनिवास रामानुजन यांच्या आयुष्यात दिसते. कुंभकोणमच्या या गरीब घरातल्या मुलाला कागद परवडत नसे. तो गणित पाटीवर सोडवी, कोपराने पुसून टाकी आणि हाती आलेले सूत्र तेवढे वहीत उतरवी. १९१४ मध्ये इंग्लंडला जाण्यापूर्वी त्याने अशा वह्या भरल्या. त्यांत हजारो सूत्रे आहेत. सिद्धता जवळजवळ नाहीत. त्या पाटीवर होत्या आणि पाटीबरोबर पुसल्या गेल्या. आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५७ साली या वह्यांची पानन् पान छायाचित्रित प्रत दोन खंडांत प्रसिद्ध केली. ब्रूस बर्न्ट या अमेरिकी गणितज्ञाने एकेक सूत्र सिद्ध करून वह्यांचे पाच खंड काढले. पहिला १९८५ साली आला, पाचवा १९९८ साली. १९२० साली गेलेल्या माणसाची पाटी पुन्हा लिहून काढायला इतका काळ आणि इतकी बुद्धी लागली.

आणि १९७६ साली जॉर्ज अँड्र्यूज यांना केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात कागदांचा एक गठ्ठा सापडला. रामानुजन यांच्या अखेरच्या वर्षातले ते काम होते. त्या गठ्ठ्याला आज ‘हरवलेली वही’ म्हणतात. प्रत्यक्षात ते सुटे कागद होते. आजारी माणसाने अंथरुणाला खिळून मांडलेली सूत्रे छप्पन्न वर्षांनी बोलू लागली. त्यासाठी परवलीचा शब्द लागला नाही की जुने यंत्र लागले नाही. कुणीतरी ते कागद फेकून दिले नव्हते, एवढे पुरले.

कच्ची वही

शाळेत आपल्याकडे दोन वह्या असत, एक रफ आणि एक फेअर. फेअर वहीला खाकी कव्हर, वर नावाचे लेबल, आत आखलेला समास आणि शेवटी गुरुजींची लाल सही. रफ वहीला यांतले काहीच नसे. तिच्यात गुणाकार असत, चित्रे असत, खोडलेली वाक्ये असत. फेअर वही दाखवण्यासाठी होती. विचार करण्याचे काम रफ वहीत चाले. फेअर वहीचे काम आज संगणकाने घेतले आहे आणि ते तो उत्तम करतो. रफ वहीची जागा तो घेऊ शकलेला नाही.

चार्ल्स डार्विनने १८३७ साली एका खिशात मावणाऱ्या वहीत झाडासारखी एक वेडीवाकडी आकृती काढली. एका प्रजातीतून अनेक प्रजाती फुटत जातात, ही कल्पना तिथे रेघांच्या रूपाने कागदावर उतरली. ती कल्पना मांडणारा त्याचा ग्रंथ आला १८५९ साली. मधली बावीस वर्षे ती कल्पना वह्यांतच वाढत होती. त्या आकृतीला कुणाची संमती मिळवायची नव्हती, ती चुकली असती तरी कुणाला कळले नसते. तिला तेवढी मोकळीक मिळाली, म्हणून ती वाढली.

आपल्या घरातले उदाहरण लोकमान्य टिळकांचे. मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. सुटे कागद देण्याची परवानगी नव्हती, शाईही नव्हती. पाने मोजून, क्रमांक घालून दिलेल्या बांधीव वह्या आणि शिसपेन, एवढेच साहित्य. एक पान फाडायची सोय नाही, म्हणजे लिहिलेल्या प्रत्येक ओळीबरोबर राहावे लागणार. १९१४ साली सुटका झाल्यावर वह्या लगेच हाती आल्या नाहीत. पण ग्रंथ डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढीन, असा टिळकांना भरवसा होता. वह्या पुढे परत मिळाल्या आणि १९१५ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. या भरवशाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. हाताने सावकाश लिहिलेले कागदावर राहते आणि लिहिणाऱ्यातही राहते.

हात, मेंदू आणि सबुरी

यावर शास्त्र काय म्हणते? इथे उत्साहाच्या भरात जास्त बोलणे बरे नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या म्युलर आणि त्यांचे सहसंशोधक ओपनहायमर यांनी २०१४ साली एक शोधनिबंध लिहिला, तो जगभर गाजला. लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यात्याचे शब्द जसेच्या तसे उतरवतात आणि मर्म विचारणाऱ्या प्रश्नांत हाताने लिहिणाऱ्यांच्या मागे पडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये इतरांनी हे प्रयोग पुन्हा केले. शब्दशः उतरवण्याची गोष्ट त्यांतही दिसली. परीक्षेतला फरक मात्र तितका ठामपणे दिसला नाही.

टोकियो विद्यापीठाने २०२१ साली ४८ तरुणांवर केलेला प्रयोग वेगळा होता. संभाषणात आलेल्या तारखा आणि भेटी कुणी कागदी रोजनिशीत, कुणी टॅब्लेटवर, कुणी फोनवर नोंदवायच्या होत्या. कागदावरच्यांना सुमारे ११ मिनिटे लागली, टॅब्लेटवाल्यांना १४, फोनवाल्यांना १६. तासाभराने ते आठवताना कागदावर लिहिणाऱ्यांच्या मेंदूतले स्मृतीशी आणि कल्पनेशी निगडित भाग अधिक कामाला लागलेले दिसले. संशोधकांचे स्पष्टीकरण आपल्या अनुभवाला पटणारे आहे. कागदाला ठाव असतो. अमुक गोष्ट डाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, शाईचा डाग पडला होता तिथे लिहिली, असे आपल्याला आठवते. पडद्यावर मजकूर सरकत राहतो. त्याला कोपरा नसतो.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट मोजमापाच्या पलीकडची आहे. हात बोलण्याच्या वेगाने लिहू शकत नाही, म्हणून लिहिणाऱ्याला निवडावे लागते. हे घ्यावे, ते सोडावे, या दोन वाक्यांतून एक करावे, हे तो क्षणोक्षणी ठरवतो. मांडीवर वही घेतलेल्या श्रोत्याला फोन जे देत नाही ते हेच. फोन सगळे घेतो, म्हणून त्याला काहीच ठरवावे लागत नाही. वहीवाल्याने काय घेतले त्यावरून त्याने काय समजून घेतले ते कळते.

लोकांच्या वह्या

वही म्हटले की थोरांच्या वह्या डोळ्यांसमोर येतात. मराठीचा मोठा ठेवा मात्र साध्या माणसांच्या वह्यांनी राखला आहे. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या आणि तेराव्या दिवशी वर आल्या, ही कथा महाराष्ट्राच्या मनात घर करून आहे. तिच्या जोडीने दुसरी हकीकतही सांगायला हवी. चाकणचे संताजी जगनाडे तुकोबांचे टाळकरी. त्यांनी अभंग आपल्या वह्यांत उतरवून ठेवले. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांनी याच वह्यांवरून विसाव्या शतकाच्या आरंभी गाथेची एक आवृत्ती सिद्ध केली. त्याआधी १८६९ ते १८७३ या काळात मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यात छापलेली गाथा देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या हस्तलिखितांवरून पंडितांनी तयार केली होती. त्या त्या गावातल्या कुणा भाविकाने रात्रीच्या दिव्यात नकल करून ठेवलेले ते बाड. कुठे शब्द वेगळा, कुठे चरण अधिक. या पाठभेदांवरूनच अभ्यासकाला अभंग माणसामाणसांतून कसा चालत आला ते समजते.

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात, वाटेवर त्यांना गाणे सुचे. मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी त्यांतले काही कागदावर उतरवले. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ते हस्तलिखित आचार्य अत्र्यांना दाखवले आणि १९५२ साली पुस्तक झाले. आज आपल्याकडे जेवढ्या बहिणाबाई आहेत, तेवढ्या त्या टिपणांनी वाचवलेल्या आहेत. उरलेली गाणी खानदेशच्या वाऱ्याबरोबर गेली.

गाण्याच्या क्षेत्रातही हेच घडले. घराणेदार गवयाच्या घरी चिजांची वही दागिन्यांसारखी जपली जाई; ती परक्याला दाखवत नसत. मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे देशभर हिंडले. उस्तादांना विनवून, त्यांच्यापुढे बसून त्यांनी चिजा टिपून घेतल्या आणि स्वरलिपीसह क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या. एका घरात कोंडलेले गाणे वहीच्या वाटेने विद्यार्थ्यांच्या हाती आले.

अशा वह्या आजही घराघरांत आहेत. आजीच्या ओव्यांची आहे, भजनी मंडळातल्या काकांची आहे. सुगरणीच्या वहीत ‘अंदाजाने मीठ’ एवढेच लिहिलेले असते. कुणा शेतकऱ्याच्या वहीत वीस वर्षांच्या पहिल्या पावसाच्या तारखा असतात. घर बदलताना या वह्या सर्वांत आधी रद्दीत जातात. त्यांत छापलेले काही नसते, म्हणून त्या महत्त्वाच्या वाटत नाहीत.

कागदाचे वैरी, पडद्याचे वैरी

कागद अमर नाही. पाणी, वाळवी, कसर आणि अज्ञान हे त्याचे जुने वैरी. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पुराचे पाणी शिरले. काही तासांत किती ग्रंथ गेले ते कोकणी वाचकाला विचारा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद शाबूत आहेत, पण रुमालांत बांधलेले ते मोडी कागद वाचणारी माणसे कमी झाली. गो. स. सरदेसाई यांनी निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तरी बहुतेक रुमाल अजून वाचकाची वाट पाहत आहेत.

पण मोडी शिकता येते. काही महिने मन लावून बसणाऱ्याशी दोनशे वर्षांपूर्वीचा कागद बोलू लागतो. याउलट नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही श्रीलिपी, आकृती, किरण, शिवाजी अशा निरनिराळ्या फॉन्टांत टंकलेला आपला मराठी मजकूर आठवा. युनिकोड रुळल्यावर त्या फाइली उघडल्या की रोमन चिन्हांची रांग दिसते. काहींचे रूपांतर करता येते. पण जो मजकूर फ्लॉपीवर राहिला, त्याची फ्लॉपी घालायला आज बहुतेकांकडे यंत्रच नाही. तीस वर्षांपूर्वीचे मराठी दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठीपेक्षा दूर गेले आहे, हे आपण गंभीरपणे घेतले पाहिजे.

म्हणून मला दोन्ही हवीत, मूळ वही आणि तिची प्रतिमा. डार्विनच्या ज्या वहीत ते झाड आहे, ती आणि आणखी एक वही केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातून २००१ च्या सुमारास गहाळ झाल्याचे लक्षात आले. छायाचित्रे घेतलेली होती, त्यामुळे अभ्यासकांचे काम अडले नाही. तरी ग्रंथालयाने शोध सोडला नाही. २०२० साली चोरीची तक्रार जाहीर केली आणि मार्च २०२२ मध्ये ग्रंथपालांच्या कचेरीबाहेर एका गुलाबी पिशवीत दोन्ही वह्या सुखरूप मिळाल्या. प्रतिमेने ज्ञान वाचवले होते. तरी मूळ वही परत यावी असे सर्वांना वाटत राहिले. ते वाटणे योग्यच होते. कागदाची घडी, शाईचा दाब, मागच्या पानावर उमटलेली रेघ यांत जे कळते ते छायाचित्रात पुरते येत नाही.

मुलांची वही

अखेरीस मुलांविषयी. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून आपल्या राज्याने २०२३ मध्ये बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत धड्यांनंतर कोरी पाने जोडायचे ठरवले. हेतू चांगला होता. मुलांनी मात्र वेगळ्या वह्या आणणे सोडले नाही. २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेण्यात आला. मी या घटनेकडे फसलेली योजना म्हणून पाहत नाही. मुलांनी आपल्याला काही सांगितले आहे. पुस्तक वर्षाअखेरी सुटते, धाकट्याकडे जाते. त्यातले कोरे पान शाळेचे असते. वहीवर मात्र मुलाचे नाव असते. तिची सुरुवात तो करतो आणि शेवटचे पानही तोच भरतो. स्वीडनसारख्या देशाने शाळांत पडदे आणण्यात आघाडी घेतली होती. तिथल्या सरकारनेही २०२३ पासून छापील पुस्तके आणि हस्तलेखन यांवर पुन्हा भर दिला आहे. आपल्याला तो वळसा घेण्याची गरज नाही, कारण आपल्या बहुतेक मुलांच्या हाती वही अजून आहे. प्रश्न आहे तो तिच्यात ती काय लिहितात हा. फळ्यावरचे उतरवणे आणि मार्गदर्शकातली उत्तरे नकलणे एवढ्यासाठीच ती असेल, तर ते काम यंत्र करील आणि करू द्यावे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. शिक्षकांनो, प्रत्येक मुलाला एक अशी वही द्या जी तुम्ही तपासणार नाही. शंभर पानी चालेल. तिच्यात गुण नाहीत, लाल शाई नाही. मुलाने पाहिलेले पाखरू, न सुटलेले गणित, मनात आलेला प्रश्न, काहीही असू द्या. घरातल्या मंडळींनो, वडीलधाऱ्यांच्या वह्या रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडा. प्रत्येक पानाचे फोनवर छायाचित्र काढा, कुणाची वही आणि कुठल्या गावची ते लिहा, आणि मूळ वही कोरड्या जागी ठेवा. आणि ग्रंथालयाच्या चालकांनो, आपल्या तालुक्याच्या ग्रंथालयात छापील पुस्तकांच्या कपाटाशेजारी एक कपाट हस्तलिखित वह्यांसाठी ठेवा. जगनाडे यांच्यासारख्या माणसांच्या वह्यांनी तुकोबा आपल्यापर्यंत आणले. आजच्या गायकांच्या, कीर्तनकारांच्या, ओव्या म्हणणाऱ्या बायकांच्या वह्या पुढच्या शतकात कोण शोधणार आहे ते आपल्याला ठाऊक नाही. पण शोधणाऱ्याला त्या मिळाव्यात याची सोय आज या गावात करता येते. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना मी विचारतो, या वर्षापासून ते कपाट सुरू करता येईल का? पहिली वही द्यायला मी तयार आहे.